झोपेची थकबाकी

मराठी वाचकाला झाशी ठाऊक असते ती इतिहासाच्या वाटेने. नेवाळकरांची सुभेदारी, राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला, १८५८ चा वेढा आणि त्या वेढ्याच्या दिवसांत शहरात अडकलेल्या वरसईच्या विष्णुभटजी गोडसे यांचा ‘माझा प्रवास’, एवढ्यावर हा परिचय बहुधा थांबतो. शहराच्या दक्षिणेस, ललितपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बबीनाच्या अलीकडे असलेली बिजौली कोणत्याही बखरीत भेटत नाही. बिजौलीला लहानसे रेल्वे स्थानक आहे, आणि उत्तर प्रदेशाच्या औद्योगिक विकास महामंडळाने वसवलेली औद्योगिक वसाहत आहे. दिल्लीहून भोपाळमार्गे मुंबईकडे आणि दक्षिणेकडे धावणाऱ्या गाड्या याच लोहमार्गावरून रात्रंदिवस जातात. जिथे भट्टी विझवणे किंवा यंत्र थांबवणे परवडत नाही, तिथे काम पाळ्यांत चालते, आणि पाळ्यांत काम चालते म्हणजे कोणी तरी रात्री जागे असते. देशातील कोणत्याही औद्योगिक वसाहतीला हे लागू आहे. बुंदेलखंडाचा उन्हाळा तेवढा बिजौलीचा स्वतःचा.

मे महिन्यात तिथे रात्रपाळी करून घरी परतणाऱ्या कामगाराचा दिवस कसा जात असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. सहाला पाळी सुटते, तेव्हा सूर्य वर आलेला असतो. घरी पोहोचून, अंघोळ करून तो आडवा होतो, तेव्हा घरातील इतरांचा दिवस सुरू झालेला असतो. मुलांचा आवाज, भाजीवाल्याची हाळी, पाण्यासाठी लागलेली रांग, शेजारच्या लग्नघरातील ध्वनिवर्धक. अकराच्या सुमारास पत्रा तापतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेल्या दुपारी वीज गेली, की कूलरही गप्प होतो आणि माणूस घामाने जागा होतो. अशी दोन-तीन तुकड्यांत मिळालेली चार-साडेचार तासांची झोप गाठीशी घेऊन तो रात्री पुन्हा कामावर हजर होतो.

या माणसाला पावसाळ्यात सर्दी-पडसे लवकर होते, ताप आला की तो लवकर उतरत नाही, असे घरचे म्हणत असतील, तर ते ‘प्रकृती नाजूक’ म्हणून सोडून देण्याजोगे नाही. २०२० च्या महामारीनंतर ‘इम्युनिटी’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. काढे, चूर्णे, गोळ्या, सरबते यांच्या वेष्टनांवर तो ठळकपणे छापला गेला आणि रोगप्रतिकारशक्ती ही दुकानातून विकत आणण्याची वस्तू आहे, असा समज पक्का होऊ लागला. त्या गदारोळात झोपेचे नाव कोणी फारसे घेतले नाही. झोप कोणाला विकता येत नाही, हे त्याचे एक कारण असावे. वास्तविक निद्रा आणि रोगप्रतिकारशक्ती यांच्या नात्याविषयी गेल्या तीन-चार दशकांत जेवढे काटेकोर प्रयोग झाले, तेवढे या बहुतेक बाटल्यांतील औषधांवर झालेले नाहीत.

त्यातील एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. शिकागो विद्यापीठातील कारीन श्पीगेल, ईव्ह व्हान काउटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. काही निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार तास झोपू दिले आणि चौथ्या रात्रीनंतरच्या सकाळी त्यांना फ्लूची लस टोचली. दहा दिवसांनी त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे मोजली, तेव्हा नेहमीप्रमाणे झोपलेल्या तरुणांच्या तुलनेत ती निम्म्याहूनही कमी भरली. लस तीच, मात्राही तीच. फरक फक्त झोपेचा. तीन-चार आठवड्यांनंतर हा फरक उरला नाही, हेही त्याच प्रयोगात दिसले आणि ते सांगितलेच पाहिजे. तथापि साथ भरात असताना पहिले दहा दिवस किती मोलाचे असतात, हे आता कोणास वेगळे सांगावयास नको. पुढच्याच वर्षी जर्मनीतील ल्यूबेक येथे कावीळ ‘अ’ची लस घेतलेल्या व्यक्तींवर असाच प्रयोग झाला. लस घेतल्यानंतरची एकच रात्र जागून काढणाऱ्यांची प्रतिपिंडे चार आठवड्यांनंतर, त्या रात्री झोपलेल्यांच्या जवळपास निम्मीच होती.

सर्दीविषयीचे प्रयोग याहून रोखठोक आहेत. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठातील शेल्डन कोहेन यांनी १५३ निरोगी स्त्री-पुरुषांच्या झोपेची चौदा दिवस नोंद ठेवली, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि पाच दिवस त्यांना वेगळे ठेवून काय होते ते पाहिले. सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव, आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. झोपेचे तास लोक स्वतः सांगतात तेव्हा त्यांत चूकभूल राहते, म्हणून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात १६४ जणांच्या मनगटाला झोप मोजणारे यंत्र बांधले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांचा धोका, सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून थोडा जास्त दिसला. हे सर्व लोक निरोगी होते आणि विषाणू सर्वांच्या नाकात सारखाच गेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते.

शरीरात नेमके घडते काय? रात्रीच्या पूर्वार्धातील गाढ झोपेत रक्तातील कॉर्टिसॉल व ॲड्रिनलिन ही ताणाची संप्रेरके उतरणीला लागतात आणि वाढीचे संप्रेरक चढते. नव्या शत्रूची ओळख पटवून ती स्मरणात नोंदवण्याचे पेशींचे काम या वातावरणात अधिक चांगले होते. पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी या काळात रक्तातून निघून मोठ्या संख्येने लसिका ग्रंथींकडे वळतात. विषाणूने ग्रासलेली पेशी नष्ट करावयाची, तर टी-पेशीला आधी तिला चिकटावे लागते. त्यासाठी तिच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाची चिकट प्रथिने असतात. २०१९ मध्ये जर्मनीच्या ट्यूबिंगन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये ही चिकटण्याची क्षमता कमी करतात आणि रात्री झोपलेल्या माणसाच्या टी-पेशी, त्याच वेळी जागे ठेवलेल्या माणसाच्या टी-पेशींपेक्षा अधिक घट्ट चिकटतात.

रात्रपाळीच्या दृष्टीने तर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले मायकेल अर्विन व सहकाऱ्यांचे निरीक्षण अधिक जवळचे वाटते. त्यांनी २३ पुरुषांना पहाटे तीननंतर झोपू दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांपैकी १८ जणांच्या रक्तातील नैसर्गिक मारक पेशींची क्रियाशीलता घटली होती; सरासरीने ती मूळच्या ७२ टक्क्यांवर आली होती. पुन्हा रात्रभर झोप मिळताच ती पूर्ववत झाली. एका रात्रीची हानी एका रात्रीत भरून निघते, हा दिलासा खराच. पण ज्याला ती पुढची रात्र मिळतच नाही, त्याच्यासाठी दिलाशाचा हा अर्धा भाग कागदावरच राहतो.

हे नाते दुहेरी आहे. ताप आलेल्या माणसाला झोप का येते, हे कोडे जुनेच. शरीरात जंतूंचा शिरकाव झाला की रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-१ सारखी निरोप्या द्रव्ये सोडतात, आणि हीच द्रव्ये मेंदूला गाढ झोपेकडे नेतात. म्हणजे लढाईच्या काळात झोप मागणारे स्वतः सैन्यच असते. आजारी माणसाला ‘पडून राहा’ म्हणणाऱ्या आजीला हे ठाऊक नव्हते, पण तिचा सल्ला बरोबर होता.

आयुर्वेदाने आहार व ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले, हे अनेकांना माहीत असते. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त केलेली एक सूचना त्या मानाने कमी परिचित आहे. सवय नसताना रात्री जागरण घडले, तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या सकाळी, काही खाण्यापूर्वी, झोपून घ्यावे, असे तो सांगतो. दिवसा झोपणे एरवी निषिद्ध मानणाऱ्या परंपरेने जागरण करणाऱ्यास दिलेली ही सवलत आहे. ग्रीष्म ऋतूत दिवसा झोपण्यास चरकानेही मुभा दिली आहे. पण चरक-वाग्भटांच्या काळी जागरण हे अपवाद होते. यात्रा, युद्ध, आजारपण किंवा उत्सव यांपुरते. आठवड्यामागून आठवडे, पगारासाठी आणि हजेरीपुस्तकात नोंदवून केलेले जागरण ही यंत्रयुगाची देणगी होय.

ही देणगी प्रथम कोणाच्या पदरात पडली, हे पाहावयास बिजौलीहून मुंबईला यावे लागते. गिरणगावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कामाचा दिवस उजेडाच्या लांबीवर ठरत असे, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या करून जे मागणे मांडले, त्यात आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी ही मागणी अग्रभागी होती. ती प्रत्यक्षात यावयास १८९० चा जून उजाडला. पुढे विजेचे दिवे गिरण्यांत आले आणि सूर्याची मर्यादाच नाहीशी झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी चौदा-पंधरा तासांचे दिवस भरू लागले, आणि १९११ च्या कायद्याला कापडगिरण्यांतील पुरुष कामगारांच्या दिवसावर बारा तासांची मर्यादा घालावी लागली. रात्रपाळी सुरू झाल्यावर गाळ्यांत एकाच वळकटीवर दोन पाळ्यांची माणसे आळीपाळीने झोपत. एक उठे तेव्हा दुसरा आडवा होई. कामगार चळवळीच्या इतिहासात हे सारे वेतन आणि तास यांच्या भाषेत नोंदले गेले. प्रतिपिंडांची भाषा तेव्हा अस्तित्वातच नव्हती. नाही तर त्या गाळ्यांत क्षयरोग इतका का फोफावला, याच्या उत्तरात कोंदट हवा आणि अपुरे अन्न यांच्या शेजारी झोपेलाही जागा मिळाली असती.

कायद्याने रात्रपाळीचा विचार केला, पण अपुरा केला. १९४८ च्या कारखाना कायद्याने मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीतील कामगाराची साप्ताहिक सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग चोवीस तास, अशी व्याख्या केली होती. कागदावर ती न्याय्य दिसते. मात्र पाळी सकाळी सहाला संपली, तर सुट्टीची पहिली सकाळ झोपण्यात जाते, सायंकाळ घरकामात जाते आणि रात्रीची खरी झोप एकच पदरात पडते. कायद्याच्या दृष्टीने दिवस पूर्ण झाला. शरीराच्या दृष्टीने थकबाकीतील एक हप्ता फिटला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली असली, तरी पाळ्यांचे वेळापत्रक आखणारी माणसे आणि त्यांच्या सवयी एका अधिसूचनेने बदलत नाहीत.

आवाजाच्या नियमांचेही तसेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा. त्या काळात निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा, दिवसा ५५ ची; ध्वनिवर्धकाला बंदी तीही रात्रीच. झोप रात्रीच घेतली जाते, या गृहीतावर हा नियम उभा आहे. जो समाजासाठी रात्री जागतो, त्याची झोप भर दिवसा येते आणि दिवसाच्या ध्वनिवर्धकाविरुद्ध त्याला कायद्याचे तेवढे पाठबळ नाही. त्यात शरीरातील घड्याळही त्याच्या विरुद्ध असते. प्रकाश मेंदूला जागे राहण्याचा संदेश देतो, म्हणून दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तोकडी आणि तुटक राहते, मग माणूस कितीही थकलेला असो. नेदरलँड्समधील रुग्णालयांत २०१६-१७ च्या हिवाळ्यात केलेल्या पाहणीत पाळ्यांत काम करणाऱ्यांना श्वसनमार्गाचे संसर्ग इतरांपेक्षा सुमारे २० टक्के अधिक झाल्याचे दिसले. ज्या देशात मेमध्ये पत्रे तापत नाहीत आणि वीज जात नाही, तिथली ही कथा.

अशा परिस्थितीत कामगाराला ‘आठ तास झोप घ्या’ असे भिंतीवरील फलकातून सांगणे ही क्रूर थट्टा होईल. झोप ही व्यक्तीची सवय आहे असे मानून आरोग्यविषयक लेख लिहिले जातात, आणि सुखवस्तू घरांपुरते ते खरेही आहे. रात्री उशिरापर्यंत भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पाहत बसणाऱ्याने तो खाली ठेवावा, एवढा सल्ला तिथे पुरतो. पाळीतील माणसाची झोप मात्र कामाच्या मांडणीत, घराच्या छपरात आणि गावाच्या आवाजात अडकलेली असते. ती सोडवावयाची, तर मांडणी हलवावी लागते. यातील पुष्कळ गोष्टी फारशा खर्चिकही नाहीत. पाळी बदलावयाची तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकावी. उलट क्रम शरीराला अधिक जड जातो. रात्रपाळीच्या मध्यावर वीस मिनिटे डोळा लागू देणे हा कामचुकारपणा मानला जाऊ नये. खिडकीला जाड काळे कापड, छपराला चुन्याचा पांढरा हात, पहाटेच्या चहाला आवर आणि घरी परतताना उन्हाचा चष्मा, एवढ्याने एखादा तास वाढला तरी पुष्कळ झाले. लसीकरणाचे शिबिर रात्रपाळी सुटताना फाटकावर भरवण्याची प्रथा सोयीची दिसते, कारण माणसे एकत्र सापडतात. शिकागो व ल्यूबेकचे प्रयोग ध्यानात घेता, ज्या आठवड्यात तो कामगार दिवसपाळीला असेल त्या आठवड्यात त्याला बोलावणे अधिक शहाणपणाचे. हे प्रयोग लहान होते, हे मान्य. २०२३ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा यंत्राने मोजलेली झोप सहा तासांहून कमी असलेल्या पुरुषांत लसीचा प्रतिसाद स्पष्टपणे उणा दिसला. स्त्रियांच्या बाबतीत चित्र तितके स्पष्ट नव्हते. एवढ्या पुराव्यावर तारीख आठ दिवसांनी पुढे ढकलण्यास कोणाची हरकत असू नये.

बँकेच्या माणसांना ही कथा परकी वाटू नये. ३१ मार्चच्या आगेमागे शाखांतून किती रात्री दिवे जळत राहतात, हे प्रत्येक अधिकाऱ्याच्या घरी ठाऊक असते. २०१६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात नोटा बदलून देताना रोखपालांनी काढलेली जागरणे अद्याप विसरली गेलेली नाहीत. मुद्रापेटीबाहेरचा पहारेकरी आणि संगणक केंद्रात मध्यरात्री दिवसाचा हिशेब मिटवणारा कर्मचारी ही तर रात्रपाळीचीच माणसे. बँकेच्या परिभाषेत बोलावयाचे, तर झोपेची मुदत ठेव ठेवता येत नाही. रविवारी बारा तास झोपून पुढच्या आठवड्याचे खाते भरत नाही. उचल मात्र कितीही करता येते, आणि वसुलीची नोटीस बहुधा खोकल्याच्या रूपाने येते. कर्मचाऱ्यांसाठी फ्लूच्या लसीचे शिबिर घ्यावयाचे असेल, तर मार्चचा शेवटचा आणि एप्रिलचा पहिला आठवडा तेवढा टाळावा.

राहता राहिला ग्राहक. बिजौलीचा रात्रपाळीचा कामगार बँकेत केव्हा येतो? बँक सकाळी दहाला उघडते आणि दुपारी चारला ग्राहकांसाठी बंद होते. म्हणजे ती त्याच्या मध्यरात्री उघडते आणि त्याच्या पहाटे मिटते. पैसे काढण्यापुरते यंत्र आहे, भ्रमणध्वनीही आहे. परंतु ओळखीच्या कागदपत्रांची फेरतपासणी, वारसाची नोंद, कर्जाच्या कागदांवरील सही, बंद पडलेले खाते पुन्हा सुरू करणे, यांसाठी त्याला अनेकदा समोर यावे लागते आणि त्यासाठी तो आपली झोप मधोमध मोडून उन्हातून येतो. एक कागद कमी पडला म्हणून त्याला ‘उद्या या’ सांगितले जाते, तेव्हा त्याच्या आणखी एका झोपेवर सही होते. एके काळी अनेक बँका गजबजलेल्या भागांत सायंशाखा चालवीत. औद्योगिक वसाहतींजवळच्या शाखांनी आठवड्यातून एक दिवस सायंकाळी पाच ते आठ खिडकी उघडी ठेवली आणि कागदपत्रांची पूर्ण यादी कारखान्याच्या फाटकावर आधीच लावली, तर बिजौलीच्या माणसाला झोपून उठल्यावर, चहा घेऊन, रात्रपाळीला जाता जाता बँकेत शिरता येईल.